अमावास्येचे मेल

कार्तिक, मार्गशीर्ष आणि पौष अशा लागोपाठ तीन अमावास्यांना, भवानीनगरजवळच्या एका द्राक्ष पॅकहाउसच्या मेलबॉक्समधून आदल्या संध्याकाळनंतर आलेले सगळे मेल नाहीसे झाले. इतर कोणत्याही दिवशी एकही मेल हरवला नाही.

पहिल्या दोन वेळा ते कोणाच्या ध्यानातही आले नाही. कार्तिकात गेले ते खोकी बनवणाऱ्याचे दरपत्रक. त्याने आठवड्याने फोन करून पुन्हा पाठवले. मार्गशीर्षात प्रयोगशाळेने नमुने घ्यायला येण्याची वेळ कळवली होती; त्यांचा माणूस अचानक दारात उभा राहिला तेव्हा चहा पाजून भागले. पौषात मात्र भागले नाही. नेदरलँड्समधल्या खरेदीदाराने रात्री अकरा वाजून सात मिनिटांनी चार ओळी लिहिल्या होत्या. बंदरात संप आहे, जहाज लागणार नाही, पुढचा निरोप येईपर्यंत तोडणी करू नये. तो निरोप कोणी वाचला नाही. अमावास्या सरली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लासुर्ण्यात गेणबांच्या दोन एकर बागेत चाळीस मजूर कात्र्या घेऊन शिरले.

कापलेला घड परत वेलीला लागत नाही. अठरा दिवस तो माल शीतगृहात पडून राहिला; देठ तपकिरी पडू लागले तेव्हा मिळेल त्या बाजारात गेला. पण गेणबा अठरा दिवस थांबले नाहीत. तिसऱ्याच दिवशी ते फाटकात येऊन उभे राहिले आणि त्यांनी नेमके प्राचीला गाठले.

प्राची ही त्यांच्याच गावची. बी.कॉम. होऊन दोन वर्षांपूर्वी इथे लागलेली, कार्यालयातला सगळा पत्रव्यवहार तिच्या हाती.

"पोरी, खरं सांग," गेणबा सगळ्यांसमोर म्हणाले, "कितीला इकलास आमचा निरोप?"

"तात्या, तो मेल मी बघितलाच नाही हो."

"बघितला न्हाईस? मंग गेला कुठं? उंदरानं खाल्ला?"

पॅकिंगच्या बायका हसल्या. एवढेसे हसणे, पण संध्याकाळच्या एसटीने ते लासुर्ण्यात पोचले आणि तिथून परतले नाही.

मेल कुठे गेला याचा छडा लावण्याचे काम मालक अविराज यांनी सोनलवर सोपवले. सोनल बारामतीची, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, पॅकहाउसची गुणवत्ता अधिकारी. गराचे तापमान, साखरेचे प्रमाण, घडाचे वजन. जे पुन्हा मोजता येते त्यावरच विश्वास ठेवायचा, हा तिचा बाणा. तिने दोन दिवस घेतले आणि एका पानाचा अहवाल लिहिला.

मेल सर्व्हरवर पोचल्याची नोंद होती, म्हणजे खरेदीदार खोटे बोलत नव्हता. मेलबॉक्समध्ये तो नव्हता, कचऱ्याच्या फोल्डरमध्येही नव्हता, म्हणजे तो कायमचा काढून टाकला गेला होता. पासवर्ड तिघांना ठाऊक होता: अविराज, सोनल आणि प्राची. अमावास्येला यंत्रांची पूजा होईपर्यंत कोणतेही यंत्र कामाला जुंपायचे नाही, असा अविराजांचे वडील, संस्थापक अप्पा यांचा नियम होता. त्यामुळे त्या सकाळी मेल अकरानंतरच उघडला जाई. कार्यालयाची किल्ली प्राचीकडे असे. ती सर्वांत शेवटी बाहेर पडे आणि सर्वांत आधी आत जाई. पौषातल्या त्या सकाळी अविराज आरतीचे ताट धरून उभे होते, सोनल शीतगृहात तापमान टिपत होती.

अहवालाच्या शेवटी तिने आणखी एक मुद्दा जोडला. प्राची रोज संध्याकाळी घरी जाताना, ओटा पुसून झाकपाक करावी तशी, आलेला प्रत्येक मेल त्या त्या बागायतदाराच्या किंवा खरेदीदाराच्या फोल्डरमध्ये लावून टाकी. इनबॉक्स पार रिकामा. 'इतक्या शिस्तीच्या व्यक्तीकडून मेल चुकून काढला जाण्याची शक्यता नगण्य आहे,' असे सोनलने लिहिले. वाक्य तिला स्वतःला आवडले होते.

अविराजांनी प्राचीला बोलावून सोनलसमोरच अहवाल वाचून दाखवला. ती रडली नाही. तिने ड्रॉवरमधून किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि विचारले, "मॅडम, पासवर्ड बदला म्हणून मी दोनदा सांगितलं होतं. आठवतंय का?"

आठवत होते. सोनलनेही एकदा सांगितले होते. अविराजांनी दोघींना एकच उत्तर दिले होते: "अप्पांनी ठेवलेला पासवर्ड आहे तो. राहू दे." अप्पा भाद्रपदात वारले होते. त्यांच्या खुर्चीवरही तोवर कोणी बसत नव्हते.

प्राची गेल्यावर मेलचे काम सोनलकडे आले. एका दुपारी चहा घेऊन आलेले राखणदार आबाजी दारातच घुटमळले.

"मॅडम, एक बोलू? पौषात तो निरोप गेला त्या दिशी अवस हुती. खोकीवाल्याचा कागुद गेला तवाबी अवसच. लॅबवाला आला, त्याच्या आदल्या आठवड्यातबी अवस."

"आबाजी, अमावास्या मेल खात नाही."

"खाती असं कुठं म्हनलो मी? मी दिवस सांगितला."

"योगायोग असतो."

"आसंल." त्यांनी रिकामा कप उचलला. "आता प्राची तर न्हाय. अवस हाय पुढच्या बुधवारी. बघा की मग, कोन खातंय ते."

सोनल हसली, पण कप नेल्यावर तिने तिन्ही मेलच्या तारखा पंचांगाशी लावून पाहिल्या. आबाजींची नोंद बिनचूक होती. ते दिवस सांगत होते आणि ती अंधश्रद्धा ऐकत होती. चुकीच्या स्पष्टीकरणाची शक्यता दिसताच तिने निरीक्षणसुद्धा फेकून दिले होते. प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने असे केले असते तर तिने वही परत केली असती.

त्याच आठवड्यात इंदापूरच्या एका पॅकहाउसमधून अविराजांना फोन आला. प्राचीने तिथे अर्ज केला होता. मुलगी कशी आहे, असे विचारत होते. सोनल शेजारच्याच टेबलाशी होती. "कामाला चांगली आहे," अविराज म्हणाले, "पण मेलचा जरा घोळ झाला होता." पलीकडून पुढे काही विचारले गेले नाही.

माघातल्या अमावास्येला सोनल सकाळी नऊलाच आली. अप्पांचा नियम तिने त्या दिवशी मोडला. मेलबॉक्स उघडून ती समोर बसली आणि आपल्या फोनवरून दर पाच मिनिटांनी कार्यालयाच्या पत्त्यावर एक मेल पाठवू लागली. मजकूर म्हणून नुसता क्रमांक: एक, दोन, तीन. रात्री आलेल्या चार मेलना तिने हात लावला नाही.

सव्वादहाला बाहेर नारळ फुटला. प्रतवारीचा पट्टा सुरू झाल्याचा आवाज आला, कारण पूजा चालत्या यंत्राची करतात. दहा वीसला तिचा सतरावा मेल पोचला. पडद्यावर एकवीस मेल होते. दहा बावीसला एकही नव्हता.

तिने मनगटावरचे घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवली, मगच खात्याची नोंद उघडली; ती फक्त शेवटच्या चोवीस तासांची राहत असे, म्हणून पौषातली तिला तेव्हा मिळाली नव्हती. तिथे ओळ होती: दहा वाजून एकवीस मिनिटे, दुसऱ्या एका यंत्राने जुन्या पद्धतीने मेल उतरवून घेतले, सर्व्हरवरची प्रत काढली. शेजारी त्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक.

प्राचीच्या घरची जोडणी, हा तिच्या मनात आलेला पहिला विचार. पासवर्ड अजून तोच होता. घरबसल्या कोणालाही जमले असते. ते लिहिण्यासाठी तिने पेन उचललेही. मग तिची नजर वरच्या ओळीवर गेली. आदल्या रात्री नऊ वाजून चार मिनिटांनी, त्याच जोडणीवरून, एका फोनवर मेल पाहिले गेले होते. रोज रात्री नऊला घरून एकदा मेल पाहण्याची सवय अविराजांना होती.

तिने पेन खाली ठेवले आणि आरतीच्या ताटाशी उभ्या असलेल्या अविराजांना गाडी काढायला सांगितले.

अविराजांच्या लासुर्ण्याच्या घरात अप्पांची खोली मागच्या अंगाला होती. त्यांच्या पत्नी द्वारकाबाई पाटावर बसल्या होत्या. समोर टेबलावर एक जुना संगणक. पडद्याला झेंडूची माळ, डब्यावर हळदीकुंकवाची बोटे, पुढे लिंबू आणि निरांजन. संगणक चालू होता. पडद्यावर मेलची खिडकी उघडी होती आणि कोपऱ्यात आकडा होता: न वाचलेले, त्रेपन्न. वरच्या सतरा ओळींत सोनलचे क्रमांक होते. त्याखाली बरेच खाली, ठळक अक्षरांत, नेदरलँड्सचा मेल.

"ये बाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "पूजा आत्ताच झाली. परसाद घे."

"काकू, हा संगणक तुम्ही रोज लावता?"

"रोज न्हाय गं. अवसेला. हे गेल्यापास्नं. तितं पॅकहाउसात सगळी मशिनं पुजत्यात, मग ह्यांचंच मशीन का आंधारात ठिवायचं? पयलं मशीन ते धंद्याचं."

"चालू कशाला करता?"

"बंद मशिनाची पूजा करत्यात व्हय?" द्वारकाबाईंना प्रश्नच पटला नाही. "मी बाकी कशाला हात लावत न्हाय. बटान दाबलं की आपलंआप पान उघडतं. आन् दिवाळी झाल्यापास्नं वाजाया बी लागलंय, टिंग टिंग. हे हुते तवा तसंच वाजायचं. कागुद आलं, म्हनायचे." त्या पडद्याकडे पाहत राहिल्या. "अजून येत्यात त्यास्नी कागुद."

अविराज दारातच भिंतीला टेकले. उरलेले सोनलने त्यांना विचारून जुळवले. दोन वर्षांपूर्वी कार्यालयात नवी व्यवस्था आली तेव्हा अप्पांनी हा संगणक घरी आणून झाकून ठेवला होता. घरी तेव्हा इंटरनेट नव्हते. दिवाळीनंतर जोडणी आली. इंटरनेटचा डबा याच खोलीत बसला आणि बसवणाऱ्याने संगणक दिसला म्हणून त्यालाही वायर लावून दिली.

सोनलने वाकून ती वायर काढली.

"त्यात काय खराबी हाय का?" द्वारकाबाईंनी विचारले.

"काही नाही, आई," अविराज म्हणाले. "वायर तेवढी काढतोय."

"मग आता वाजंल ना?"

"नाही, काकू," सोनल म्हणाली. "पूजा करा, चालू करा. पण आता वाजणार नाही."

द्वारकाबाईंनी पदराने पडदा पुसला, संगणक बंद केला आणि त्यावर कापड टाकले. निरांजन तसेच जळत होते.

अंगणात येताच अविराज हलक्या आवाजात म्हणाले, "सोनल, तांत्रिक बिघाड होता, एवढंच लिही. घराचं नाव नको त्यात. गेणूतात्या उद्या इथं येऊन आईला बोलतील. ती आधीच अर्धी झालीय."

सोनलने तिथूनच प्राचीला फोन लावला. प्राची आता सांगवीच्या एका दूध संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ फॅटची नोंद करायला जात होती. सोनलने सगळे सांगितले, स्वतःच्या अहवालासकट. पलीकडे कॅन आदळल्याचे आवाज येत होते.

"बरं झालं, मॅडम," प्राची म्हणाली.

"परत येशील? अविराजदादांशी मी बोलते."

"नाही. पण लिहून पाठवा. सगळ्यांना. तोंडी नको." पलीकडे आणखी एक कॅन आदळला. "नाव तोंडीच गेलंय माझं. परत येताना तरी कागदावर येऊ दे."

फोन बंद झाला. अविराजांनी ऐकले होते. ते विहिरीकडे वळले आणि म्हणाले, "लिही."

कार्यालयात परतून सोनलने आधी पासवर्ड बदलला, मेल उतरवून घेण्याची जुनी सोय कायमची बंद केली आणि मग लिहायला बसली. बटण कोणी दाबले, हे कारण नव्हते, म्हणून ते तिने लिहिले नाही. पण घर लिहिल्याशिवाय कारण पूर्ण होत नव्हते. मेल तिने सर्व बागायतदारांना, सर्व कर्मचाऱ्यांना, इंदापूरच्या त्या पॅकहाउसला आणि प्राचीला पाठवला. गेणबा मेल वाचत नसत. त्यांच्यासाठी एक प्रत छापून तिने आबाजींच्या हाती दिली. आबाजींनी ती उभ्या उभ्या वाचली, घडी घातली आणि सायकल काढली. त्यात लिहिले होते:

'कार्तिक, मार्गशीर्ष, पौष आणि माघ महिन्यांच्या अमावास्यांना मेल नाहीसे होण्याचे कारण सापडले आहे. कंपनीचा जुना संगणक लासुर्णे येथे अप्पांच्या घरी आहे. आलेले मेल उतरवून घेऊन सर्व्हरवरची प्रत काढून टाकावी, अशी त्यात जुनी मांडणी होती. दिवाळीनंतर त्याला इंटरनेट मिळाले. दर अमावास्येला पूजेसाठी तो चालू केला जाई, तेव्हा इनबॉक्समध्ये असलेले मेल तो घेऊन जाई. फोल्डरमध्ये लावलेले मेल त्याला घेता येत नव्हते. प्राची रोज इनबॉक्स रिकामा करीत असल्यामुळे फक्त एका रात्रीचे मेल गेले. तिने तसे केले नसते तर महिन्याभराचे सगळे गेले असते, आणि कारण पहिल्याच अमावास्येला सापडले असते. पासवर्ड वेळीच बदलला असता, तर यांतले काहीच घडले नसते. तो बदलावा असे प्राचीने दोनदा सुचवले होते.

प्राचीने एकही मेल काढून टाकलेला नाही. तसा निष्कर्ष मी काढला होता आणि तो चुकीचा होता. पासवर्ड कोणत्या माणसांना ठाऊक आहे ते मी मोजले. कोणत्या यंत्रांत तो साठवलेला आहे ते मोजले नाही.'