केतकीची मशीनगन

ही हकिकत सांगायचं मी अनेक वर्षं टाळलं. कुणी केतकीबद्दल विचारलं की मी तिच्या हातच्या आमटीबद्दल बोलत असे, किंवा सिंगापूरच्या दमट हवेबद्दल. आता अठ्ठ्याहत्तरी उलटली आहे, आणि टाळण्यासाठीही जी उमेद लागते ती संपत आली आहे.

आधी तिचा कान सांगतो. माझी ही सून डाव्या कानाने यंत्र ऐकत असे. मान किंचित कललेली, डोळे मिटलेले, खालचा ओठ दातांत धरलेला, आणि समोर टेबलावर पसरलेलं ते काळं धूड. घोड्यावर बोट ठेवून ती क्षणभरच मोटर फिरवी आणि त्या घरघरीतून आतल्या तीन गिअरांपैकी कोणता कुरकुरतो आहे ते ओळखून काढी. मी चिंचवडच्या कारखान्यात अडतीस वर्षं टूलरूममध्ये काढली. तसा कान मी फार तर दोन माणसांना पाहिला, आणि ती दोघंही तिच्यापेक्षा तीस वर्षांनी मोठी होती.

ते धूड म्हणजे एअरसॉफ्टची मशीनगन. हा खोट्या बंदुकांचा खेळ. बॅटरीवर चालणारी बंदूक हवेच्या दाबाने मोत्याएवढे प्लॅस्टिकचे दाणे फेकते, आणि ज्याला दाणा लागेल तो हात वर करून प्रामाणिकपणे मैदानाबाहेर जातो. सिंगापुरात असली बंदूक, खोटी का असेना, घरी ठेवता येत नाही. म्हणून तिचा मुक्काम समुद्रापलीकडे बाताम बेटावर, फेरीबोटीने तासाभराच्या अंतरावर, एका क्लबच्या कपाटात असे. माझ्या मुलाला, अमोघला, बँकेतल्या सहकाऱ्याने एकदा केतकीसह तिथे नेलं. अमोघला कंटाळा आला. केतकीने मात्र, बंद पडली म्हणून कोपऱ्यात टाकून दिलेली ती बंदूक पाहिली आणि स्क्रूड्रायव्हर मागितला.

दोन हजार तेराच्या सुमाराची ही गोष्ट. पत्नी गेल्यावर मी सिंगापूरच्या चोआ चू कांग भागातल्या फ्लॅटमध्ये मुलाकडे राहायला आलो होतो. ते शहर ऋतूंशिवाय जगतं. बारा महिने तोच हिरवा रंग, दुपारी तोच गडगडाट, संध्याकाळी सातला तोच एकदम मावळणारा उजेड. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली केतकी नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या राहण्याच्या पासवर त्या एकसारख्या दिवसांत तीन वर्षं नोकरीचे अर्ज करत बसली होती. मी आलो तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पडदा ओढलेल्या खोलीचा निर्जीव प्रकाश होता. बंदूक हाती आली आणि तिच्यापुरता त्या शहरात एक ऋतू उगवला.

बंदूक पलीकडे आणि आम्ही अलीकडे, म्हणून आठवडाभर घरात फक्त कागदावर काम चाले. जेवणाच्या टेबलावर ती गिअरबॉक्सची चित्रं काढी, मी कॅलिपरने पातळ वॉशर मोजून पुड्या बांधी, आणि शनिवारी आम्ही सासरा-सून फेरीबोटीत शेजारी बसून त्या पुड्या औषधासारख्या सांभाळत नेत असू. क्लबच्या संघातली पोरं तिला ‘सिस’ म्हणत आणि प्रत्येक जण आणखी कडक स्प्रिंग घालायला सांगे, म्हणजे दाणे लांब जातील. तिने उलट होती त्याहून मऊ स्प्रिंग घातली. मला म्हणाली, “जोर नको बाबा, दम हवा. दिवसभर चालली पाहिजे.” तिने बेअरिंगं बदलली, जाड तारा ओढल्या, दाण्यांच्या डब्यातली अडणारी कड घासून गुळगुळीत केली. पिस्टनवर नवी मऊ रबरी रिंग बसवली, की जिच्यामुळे हवा तसूभरही निसटू नये. चुकार केसांची बट मागे सारताना ग्रीसचं बोट कपाळाला लागे, आणि तो डाग ती परतीच्या बोटीत तसाच मिरवी.

रबराचं वंगण माझ्याकडे होतं. तिचा एकच दंडक होता: रबराला सिलिकॉनचं ग्रीस, तेल अजिबात नाही. माझ्या खिशात तेलाची छोटी बुधली सदैव असे, जन्माची सवय. ती चिडवायची, “बाबा, तुमचं तेल म्हणजे तीर्थ. दिसेल त्यावर शिंपडायचं नाही.” सगळे हसत, मीही हसे. पण अडतीस वर्षं ज्याच्या शब्दावर मशिनं उघडली आणि मिटली, त्याला ते हसणं कुठेतरी टोचत असे हेही लिहून टाकतो.

संघाचा कप्तान कोह नावाचा साठीतला चिनी गृहस्थ होता, त्याची स्वतःची मशीनशॉप होती. तो मोजकंच बोले. वर्षाचा मोठा सामना तीन आठवड्यांवर आला तेव्हा त्याने तिच्या कामाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “होल डे नो जॅम, मंडे यू कम माय शॉप. कॅन?”

“कॅन,” केतकी म्हणाली. तीन वर्षांच्या अर्जांनी न दिलेली नोकरी तिला अशी मिळू घातली होती. परतीच्या बोटीत पाण्यावरून येणारा तिरपा उजेड तिच्या तळहातांवर पडला होता आणि ती ते दोन्ही हात उलटसुलट करून पाहत होती, जणू कुणी नुकतेच तिला परत आणून दिले होते.

त्याच दुपारची गोष्ट आहे. बंदूक मिटण्यापूर्वी शेवटचं वंगण द्यायचं होतं आणि ग्रीसची नळी मी घरी, फ्रिजवर विसरून आलो होतो. तिला सांगितलं असतं तर तिने कुणाकडून तरी मागून आणली असती. पण मला ते चिडवणं ऐकायचं नव्हतं. कारखान्यातलं काळं रबर वर्षानुवर्षं तेलात राहिलेलं मी पाहिलं होतं. दोन थेंबांनी काय होणार? तिने दुसऱ्या टेबलावरून विचारलं, “बाबा, सिलिकॉनच ना?” मी म्हणालो, “हो.”

सामन्याच्या दिवशी बंदूक चाळीस मिनिटं चालली. त्या चाळीस मिनिटांचा आवाज मला अजून येतो. गवतामागून येणारी ती सलग, शांत, भरवशाची घरघर. मग ती जड झाली, कण्हली, आणि आत काहीतरी तुटल्याचा आवाज आला. टेबलावर उघडली तेव्हा गिअरचे दात सांडले. केतकी त्या दातांकडे पाहत राहिली. तिची खात्री झाली की वॉशर लावताना आपणच चुकलो. पिस्टन माझ्या हातात होता. रिंग फुगून दीडपट झाली होती, रिंगेला माझ्या बुधलीतल्या तेलाचा वास येत होता. ती अडकली म्हणून सगळा भार दातांवर आला, हे मला एका नजरेत कळलं. मी ती अंगठ्याने सोलून काढली आणि खिशात घातली. परतीच्या बोटीत, केतकी खाली मान घालून बसली असताना, मी कठड्याशी जाऊन ती रिंग समुद्रात टाकली.

कोह रागावला नाही. “नेव्हर माइंड, लाह,” एवढंच म्हणाला, आणि सोमवारचा विषय तिथेच संपला. अमोघ जेवताना म्हणाला की शेवटी ते खेळणंच होतं. केतकीने कॅलिपर फडक्यात गुंडाळून मला परत दिला. एका रबरी रिंगेमुळे संसार मोडत नाहीत, हे मलाही समजतं. त्या दोघांत आधीपासून बरंच काही झिजलेलं होतं. पण ज्या एका जागी ती तग धरून उभी होती, ती जागा मी काढून घेतली. वर्षभरात ती पुण्याला गेली ती कायमची.

चांगी विमानतळावर मी तिला सोडायला गेलो होतो. अमोघ आला नव्हता. काचेतून येणाऱ्या पांढऱ्या उजेडात तिने ट्रॉली बाजूला लावली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “बाबा, तुमची सगळी मेहनत माझ्या हातांनी वाया घालवली. माफ करा मला.”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणालो, “असू दे, पोरी.”

मी तिला क्षमा केली. जिने करायला हवी होती तिने मागितली, आणि ज्याने मागायला हवी होती त्याने ती मोठ्या मनाने देऊन टाकली. इतकी वर्षं झाली, माझ्या आयुष्यातलं सर्वांत नीच वाक्य मला विचारलं तर मी ही तीन शब्दांची माया दाखवीन.

नंतर एकदा फोन केला होता, सगळं कागदावर लिहून घेऊन. ती मनापासून बोलली. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. शिकवण्या घेते म्हणाली. मी विचारलं, हत्यारं हातात घेतेस का. ती हसली. “नाही हो बाबा. पंखा बिघडला तरी माणूस बोलावते. माझ्या हाताला गुण नाही.” कागद माझ्यासमोर होता. मी तिकडच्या उन्हाळ्याबद्दल विचारलं.

काळ पुष्कळ गोष्टी झिजवून सुसह्य करतो असा माझा समज होता. पण जे वाक्य कधी उच्चारलंच गेलं नाही ते झिजणार कशाने? ते त्या कागदावर जसंच्या तसं आहे, आणि जिच्यासाठी लिहिलं तिला पाठवायचं धैर्य माझ्यात अजूनही नाही, म्हणून ती सोडून आता ते सगळे वाचतील: केतकी, तेल मी घातलं होतं. तुझे हात चुकले नव्हते. मला माफ कर.