धर, ढील, सोड

चढायच्या भिंतीवर हातपाय टेकवायचे एकशे बारा होल्ड होते: अडतीस पिवळे, एकतीस लाल, सत्तावीस निळे आणि सोळा काळे. चार जागी नुसती बोल्टची भोकं होती, तिथले होल्ड काढून धुवायला ठेवले होते. भिंतीची उंची नऊ मीटर. दोर चार. खाली गाद्या सहा, त्यातली एक मधोमध दबलेली. मोहिनीनं हे सगळं पहिल्याच रविवारी मोजून टाकलं, कारण वर पाहिलं की भीती वाटायची आणि मोजायला लागलं की ती जरा खाली बसायची. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं काढलेल्या बाईला दुसरा उपाय ठाऊक नव्हता.

हा हॉल म्हणजे वर्ध्यातलं कापसाचं जुनं गोदाम. छताला तीन मोठे पंखे होते आणि ते फिरायला लागले की विमान उतरत असल्यासारखं वाटायचं. शिकवणारी रीना कारंज्याची, वय सव्वीस, हाताची बोटं लाकडाच्या खुंट्यांसारखी. तिनं मोठ्या माणसांची बॅच काढली होती आणि अट एकच ठेवली होती: जोडीनं या. एक जण चढणार, दुसरा खालून दोर धरणार.

त्या अटीसाठीच मोहिनीनं नाव घातलं होतं. लेक मयुरी हॉस्टेलला गेल्यापासून नालवाडीच्या घरात ती आणि कैलास दोघंच उरले होते, आणि दोघांत बोलणं उरलं नव्हतं. भांडण म्हणावं तर तेही नाही. ती ओट्याशी उभी राहून दिवसभराचं सांगायची. मागं खुर्चीत बसलेला कैलास कधी ‘हूं’ म्हणायचा, कधी तेवढंही नाही. ओट्यापासून ती खुर्ची अडीच मीटरवर. फरशी बसवताना तिनंच मोजलं होतं. एकदा तिनं पोळी लाटता लाटता सांगितलं, “आमच्या लॅबमधल्या जयाचे सासरे गेले.” तर मागून आवाज आला, “बरं झालं.” त्यावर ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती, आणि न बोलल्याचं त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. हे मात्र तिला जास्त लागलं होतं.

कैलास कापसाच्या जिनिंग मिलमध्ये फिटर होता, एकोणीस वर्षं. हात पक्का, स्वभाव गरीब. “या वयात भितीवर चढाले काय आपण पाल हाओत?” एवढंच त्यानं विचारलं आणि आला.

रीनानं पहिल्या दिवशी तीन शब्द पाठ करून घेतले. “‘धर’ म्हणजे दोर ताणा. ‘ढील’ म्हणजे थोडा दोर द्या. ‘सोड’ म्हणजे मी दोरावर बसले, आता मला हळूहळू खाली आणा. चौथा शब्द नाही. वर गेल्यावर आई आठवली तरी चालेल, पण तोंडातून हेच तीन निघाले पाहिजेत.”

मोहिनीनं वर जाऊन पहिल्यांदा ‘धर’ म्हटलं तेव्हा शेजारच्या दोरावरचा गोपाल खदखदून हसला. तो पोस्टात होता आणि त्याची जीभ कधी सुट्टीवर जात नसे. “वा वहिनी! घरी ‘अहो, जरा आयकता का’ अन् भितीवर ‘धर’! कैलासभाऊ, लग्नाले किती वर्षं झाले?”

“सतरा,” कैलास म्हणाला.

“मंग सतरा वर्षांचा वचपा काढून राह्यली वहिनी.”

कैलासही हसला. मोहिनीला बरं वाटलं. चार रविवार असेच गेले. हातांनी ओढायचं नाही, पायांनी ढकलायचं, हे तिला तिसऱ्या आठवड्यात उमगलं. पायाच्या अंगठ्याचं टोक होल्डवर नीट बसलं की भिंत आपणहून वर नेते. पिवळ्या होल्डची वाट झाली, लालची झाली. घरी जाताना ती स्कूटरवर मागे बसून सगळं पुन्हा सांगायची आणि कैलास गप्प चालवायचा.

पाचव्या रविवारी तिनं निळी वाट धरली. सहा मीटरवर भिंतीला पोट आलंय, तिथं अंग मागं झुकतं आणि पाय दिसत नाहीत. बोटं सुटतायत असं वाटलं. नाक भिंतीला टेकलेलं, आणि तोंडातून निघालं ते तिन्ही शब्दांपैकी नव्हतं.

“सोडू नको!”

दोर ढिला झाला. ती पुन्हा ओरडली, “सोडू नको!” दोर आणखी ढिला झाला, आणि तिची बोटं सुटली.

दोर ताणला जाईपर्यंत ती दोन मीटर तीस खाली आली होती. रीनानं नंतर तिच्या हाताला लावलेल्या खडूच्या भुकटीच्या खुणेवरून ते मोजलं. गुडघा भिंतीवर आपटला, कातडी सोलली, हाड शाबूत राहिलं. कैलासनं तिला खाली आणलं तेव्हा त्याचा चेहरा सरकी काढलेल्या कापसासारखा पांढरा झाला होता.

“तूच त सोड म्हटलं,” तो म्हणाला.

“मी ‘सोडू नको’ म्हटलं! दोनदा!”

“मले ‘सोड’ आयकू आलं.”

रीनानं दोघांनाही झापलं. “ताई, म्हणून चौथा शब्द नको म्हणते मी. आपल्या भाषेत ‘नको’ शेपटीला असतो. शेपूट तुटलं की उलटाच अर्थ उरतो. आणि कैलासभाऊ, चढणारा दोरावर बसलाय का ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय दोर द्यायचा नाही. पुढच्या रविवारी ताईंचा दोर गोपालभाऊ धरतील.”

घरी गुडघ्याला हळद लावून देताना कैलास म्हणाला, “सतरा वर्षांत तू मले ‘नका’च म्हटलं. ‘नको’ पह्यल्यांदाच म्हटलं. अन् थेच मले आयकू आलं नाई.”

हे तो थट्टेनं म्हणाला की कसं, हे मोहिनीला कळेना. आठवडाभर तिच्या डोक्यात एकच हिशोब चालू होता. पंख्यांचा आवाज होता, कबूल. चूक तिची होती, कबूल. पण तिनं लक्ष ठेवून पाहिलं तर हा माणूस बाजारात भाजीवालीशी बोलतो, शेजाऱ्याशी बोलतो, मयुरीशी व्हिडिओ कॉलवर तासभर बोलतो. मग ओट्याशी उभ्या असलेल्या बायकोचंच का ऐकू येत नाही? मनात नसलं की कानात जात नाही, असं तिची आई म्हणायची. त्या विचारानं तिला रडू यायचं.

रविवारी गोपालनं दोर धरला, तेव्हा ती तीन मीटरवरूनच उतरून आली. “तुमचा दोष नाई, भाऊ,” ती म्हणाली, “पाय चालत नाई आज.” कैलास बाकावर बसून बुटाची नाडी सोडत बांधत होता. मग उठून रीनापाशी गेला.

“मॅडम, एक बोलू? आमचे बाबा वडनेरले विहिरीतला गाळ काढत. खाली विहिरीत आवाज घुमते, बोललेलं काईच समजत नाई. म्हून थे बोलतच नसत. दोराले एक झटका, ताण. दोन झटके, ढील. तीन झटके, आता मले वर घे. बाबानं चाळीस वर्षं असं काढलं, एक दिवस दगा नाई. आमी तसं केलं त चालते का?”

रीना विचारात पडली. “इथं वर घ्यायच्या जागी खाली आणायचं. जमिनीपासून दोन मीटरवर आधी करून दाखवा. वीस वेळा.”

त्यांनी वीस वेळा केलं, वीसच्या वीस बरोबर. कैलासनं दोर तळहातात असा धरला होता की जणू नाडी बघतोय. मोहिनीनं अर्धा झटका दिला तरी त्याला कळत होता. रीना म्हणाली, “चढा.” मात्र आणखी एक दोर मोहिनीला बांधून तो तिनं स्वतः धरून ठेवला.

मोहिनी निळ्या वाटेनं निघाली. पोटापाशी आली, पाय दिसेनासे झाले. तिनं एक झटका दिला आणि दोर तत्काळ ताठ झाला, पाठीला कुणी हात लावावा तसा. ती पोट ओलांडून वर गेली. शेवटच्या होल्डला हात टेकला, तेवढ्यात लाईट गेली.

तिन्ही पंखे हळूहळू थांबले. हॉलमध्ये इतकी शांतता झाली की रस्त्यावरचा भंगारवाला ऐकू आला. तिला वाटलं, आता बोलावं. आता आवाज कशाचाच नाही. नाक भिंतीकडे ठेवूनच तिनं, सतरा वर्षांत एकदाही घेतलं नव्हतं ते नाव घेतलं.

“कैलास.”

“ओ हो हो!” खालून गोपाल ओरडला. “वहिनीनं नाव घेतलं! उखाणा नाई, काई नाई!”

मोहिनीनं काखेतून खाली पाहिलं. रीना वर बघत होती, गोपाल वर बघत होता. कैलास दोराकडे बघत होता. गोपालचं तोंड हललेलं दिसलं तेव्हा त्यानं गोपालकडे पाहिलं आणि काहीतरी गंमत झाली असावी म्हणून हसला.

मग तिला एकेक दिसायला लागलं. भाजीवाली समोर असते. मयुरी फोनच्या पडद्यावर असते. ओट्याशी ती पाठमोरी असते, स्कूटरवर मागे असते, आणि भिंतीवर तिचं तोंड भिंतीकडे असतं. तिनं तीन झटके दिले. दोरानं तिला अलगद खाली आणलं.

ती त्याच्यासमोर उभी राहिली. “तुमाले आयकू येत नाई.”

“पंखे किती आवाज करते इथले...”

“पंखे बंद हायेत.”

कैलासनं वर पाहिलं. पाती स्थिर होती. त्यानं कमरेच्या हार्नेसचा पट्टा उगाच आवळला. गोपाल काहीतरी बोलणार होता. रीनानं त्याच्या दंडाला हात लावला.

“कधीपासून?” मोहिनीनं विचारलं.

“चार-पाच वर्षं झाले असतीन. तोंड दिसलं की समजते मले.” तो हळू बोलत होता, स्वतःचाही आवाज तपासून बघत असल्यासारखा. “जिनिंगमध्ये कळलं त मशीनवरून काढून गेटवर बसवतीन. अन् तुले काय सांगू? तू सांगत राहे, मी हूं म्हणत राहो. कधी चुकीच्या जागी म्हणो.”

“जयाचे सासरे,” मोहिनी म्हणाली.

“कोन?”

“काई नाई.” तिनं कमरेचा दोर सोडला. “दवाखान्यात दाखवा लागते.”

“दाखवू. पण थे डॉक्टर इचारन, किती आयकू येते. मले त माहीतच नाई. मी कधी पाह्यलंच नाई.” होल्डच्या जागा आखायला ठेवलेला टेप खिडकीत होता. त्यानं तो उचलून तिच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून, नाक होल्डला टेकवून उभा राहिला. “मोज.”

“आत्ता?”

त्याचं काही उत्तर आलं नाही.

मोहिनी दारापर्यंत मागं गेली. दारापासून भिंत बारा मीटर. तिथून ती रोजच्या आवाजात तिन्हीपैकी एकेक शब्द म्हणत गेली, दर वेळी दहा सेंटिमीटर पुढं येत. ऐकू आला की त्यानं हात वर करायचा आणि तो शब्द म्हणायचा, हे रीनानं त्याला आधी वळवून सांगितलं. रीनानं कागदावर लिहून घेतलं. शेजारी तसंच उभ्या केलेल्या गोपालनं पहिलाच शब्द दारातून ओळखला.

कैलासचं तीन वेळा मोजलं. एक मीटर चाळीस, एक मीटर वीस, एक मीटर तीस. ओट्यापासून खुर्ची अडीच मीटरवर होती.