घडी कोणी मोडायची

शहागडच्या वरच्या अंगाला, गोदावरीच्या काठी एक गाव आहे. निजामाच्या राज्यात तिथे सगळे हुकूम हैदराबादहून यायचे, पण एक हुकूम गावचा स्वतःचा होता: तुळजाबाईने शिवलेल्या गोधडीवर निजल्याशिवाय कुणाच्या लेकराचं बारसं व्हायचं नाही. तिचा टाका ओळंबा लावून बघावा इतका सरळ. बाई मात्र जिभेची तिखट. कौतुक करायची ते फक्त स्वतःचं.

म्हणूनच त्या दिवशी सून दुर्गाबाई हातातलं काम टाकून बघू लागली. तुळजाबाईची लेक नंदाबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिच्या बाळासाठी घातलेल्या गोधडीचे टाके चरायला सोडलेल्या शेळीसारखे भरकटले होते. तुळजाबाईने त्यांवरून बोट फिरवलं, थांबली, पुन्हा फिरवलं. मग भर दुपारी बसून सगळे टाके उसवले.

"दोरा कुजका निघाला," ती म्हणाली.

दोरा चांगला होता. डोळे गेले होते. हे दुर्गाबाईला कळलं आणि आपल्याला कळलं हे सासूला कळू नये, एवढी अक्कल तिला होती. "सुई सुटली की मी ओसरीवरची म्हातारी. मंग घाला दोन घास आन् बसवा कोपऱ्यात," असं तुळजाबाई नेहमी म्हणायची. ते हसत म्हणायची, तरी त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. शिवाय गल्लीतली पुष्पाबाई सुई परजून वाटच बघत होती.

दुसऱ्या दिवसापासून दुर्गाबाई सकाळीच सुया ओवून घागरीच्या चुंबळीत खोचून ठेवू लागली. तुळजाबाईने विचारलं नाही. उलट "चुंबळीत सुया खुपसतं का कोणी?" म्हणून खेकसली आणि त्यातलीच एक उपसून घेतली.

पण नुसत्या ओवलेल्या सुईने टाका सरळ येतो होय? मार्ग निघाला तो चुलीपाशी. सणाच्या पोळ्या चालल्या होत्या. तुळजाबाई दारातल्या कावळ्याला शिव्या देत होती आणि हात आपले पोळीला तेल लावून घडी घालत होते. घडी अशी चोख की कडेला कड भिडलेली. बोलता बोलता तिने ती कड बोटाने पुन्हा दाबून बघितली.

"दुर्गे, जल्दी डब्याचं झाकण आण. आन् जुन्या लुगड्यांचं बोचकं."

झाकणाच्या कडेला कात्री टेकवत तिने कापडाचा गोल कापला. त्याच्या चारी बाजू आत मुडपल्या, नखाने दाबल्या. गोलाचा चौकोन झाला. मधे जी जागा उघडी राहिली तिथे दुसऱ्या रंगाचं ठिगळ मुडपलेल्या कडांखाली सरकवलं आणि कडेकडेने शिवलं. ठिगळ घडीतून फुलासारखं डोकावू लागलं. घडीची कड बोटाला लागते, सुई कुठे घालायची ते बोटच सांगतं. डोळ्यांचं तिथे कामच उरलं नाही.

पुष्पाबाई लगेच डोकावली. "काय वो तुळजाबाई, गोधडी करून राह्यल्या का धिरडी?"

"धिरडीच. तुझ्या पोरांला जेवायला पाठव."

दुर्गाबाईला सासूचा रागही यायचा आणि धाकही वाटायचा. पण त्या बोटांकडे बघताना तिला वाटे, असे हात दुसऱ्या कुणाला नाहीत. कापड चाचपून म्हातारी सांगायची, हे सासूबाईचं लुगडं, ही धन्याची बंडी. एकेक चौकोन दुसऱ्याला जोडत गोधडी वाढत गेली.

नंदाबाईला मुलगी झाली. बारशाच्या दिवशी गोधडी ओसरीवर पसरली तेव्हा गल्लीतल्या बायका बघतच राहिल्या. पुष्पाबाईलासुद्धा खोड काढायला काही सापडेना. तेवढ्यात दुर्गाबाईचे सासरे कारभारी आतून ओरडत आले.

"माझा लाल पटका कुठाय? सोयरे येऊन राह्यले आन् मी बोडका!"

जालन्याच्या बाजारातून आणलेला तो पटका फक्त तहसीलदारापुढे आणि सोयऱ्यांपुढे निघायचा. बोलता बोलता त्यांची नजर खाली गेली. गोधडीभर लाल फुलं फुलली होती.

तुळजाबाईने जवळचं फूल बोटाने चाचपलं. बोचक्यात चुकून आलेला पटका मऊ लागला म्हणून तिने तो जुनं लुगडं समजून कापला होता. पुष्पाबाई एकदा पटक्याच्या फुलांकडे, एकदा तुळजाबाईच्या डोळ्यांकडे बघू लागली.

"मामंजी, म्या दिला," दुर्गाबाई पुढे झाली. "जुना समजून. चूक झाली."

"डोळे फुटले का तुझे?"

"तिचे न्हाई," तुळजाबाई म्हणाली. "माझे."

तिने चाचपत सुनेचा हात धरला.

"तिचे डोळे बराबर हायेत. इतके दिवस रोज सकाळी मला सुया ओवून ठेवल्या तिनं. कुणाला बोलली न्हाई, मलाबी न्हाई. त्या डोळ्यांला फुटले म्हनू नका."

कारभारी गोधडीशेजारी बसले. लाल फुलांवरून त्यांनी तळवा फिरवला. मग म्हणाले, "तहसीलदारानं पटका कधी एवढं निरखून बघितला न्हाई. ऱ्हाऊ दे नातीला."

पुष्पाबाई ही गोष्ट गावभर करणार हे ठरलेलंच होतं. तिने केलीही. पण सांगितली ती अशी: "डोळ्यानं काय, आपन समद्याच शिवतो."

इकडे ओसरीवर नंदाबाई बाळाला गोधडीवर ठेवायला वाकली. तुळजाबाईने हात आडवा घातला.

"थांब. घडी दुर्गी मोडंल."

नव्या वस्त्राची घडी मोडायचा मान! तोही बारशाच्या दिवशी, बाळाच्या आधी, सुनेला! दुर्गाबाई मागे सरकली. "आत्याबाई, बाळाचा मान हाय तो."

"बाळाला काय कळतंय? बस म्हन्लं ना."

दुर्गाबाई डोळे पुसत गोधडीवर बसली. मग नंदाबाईने बाळ तिच्या मांडीवर दिलं.