मॅनफर्न म्हणणारा पाहुणा

जंगल बघायला आलेला माणूस जंगलाकडे ढुंकूनही बघत नसेल, तर त्याच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे असं मी खुशाल धरून चालते. आमच्या केबिनमध्ये उतरलेला कॅलम तसाच होता. वय पस्तिशीच्या आसपास, ॲडलेडहून जहाजात गाडी घालून आलेला. मी त्याला सगळं नीट सांगितलं: झाडांच्या शेंड्यांवरून जाणारा झुलता पूल, धबधबा, पलीकडची चुनखडीची गुहा, गरम पाण्याचा तलाव. त्याने मान डोलावली आणि केबिनच्या पायरीवर बसून आमच्या घरामागच्या घळीकडे बघत राहिला.

"व्हर्ना, तुला पोस्टमनचाही संशय येतो," रॉइस म्हणाला. रॉइस माझा नवरा.

"येणारच. तो आपली मासिकं वाचून मग टाकतो."

पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. महिन्यापूर्वीच त्या घळीतली मॅनफर्नची काही जुनी झाडं कुणीतरी करवतीने कापून ट्रकमधून पळवली होती. शेंडा कापून दुसरीकडे रोवला की जगतो, आणि समुद्रापलीकडच्या बागवाल्यांना म्हाताऱ्या झाडांचीच हौस. चोरी म्हटली की माझं डोकं फिरतं, आणि त्याला कारण आहे.

माझे वडील लाकूडतोडीच्या शर्यतीतले गाजलेले गडी. ऐन जत्रेच्या आदल्या दिवशी त्यांची शर्यतीची कुऱ्हाड पेटीसकट नाहीशी झाली. त्याच सुमारास माझा थोरला भाऊ लिंझी झाडं वाचवणाऱ्यांच्या तंबूत जाऊन बसला होता. वडिलांनी त्याला कधीच घराबाहेर काढलं होतं, त्यामुळे तो कुणाच्या डोक्यात आला नाही. कुऱ्हाड असायची त्या शेडची किल्ली फक्त रॉइसकडे. भर जत्रेत वडील त्याला म्हणाले, "माझ्याच ताटात जेवून माझ्याच घरात चोरी!" रॉइस चकार शब्द बोलला नाही. वडील मरेपर्यंत आमच्या टेबलाशी जेवले नाहीत, आणि या खोऱ्यात अजूनही कुणाचं हत्यार सापडेनासं झालं की कुणीतरी रॉइसकडे बघून हसतं. मी त्या प्रत्येकाशी भांडले आहे. बेकरीत, चर्चच्या दारात, एकदा तर मयतीला गेले असताना.

तर हा कॅलम. संध्याकाळी टॉवेल द्यायच्या निमित्ताने मी त्याला गाठलं.

"काय, गुहा बघितलीत?"

"हो, छान आहे."

"आतल्या छोट्या आगगाडीत बसलात की नाही?"

"बसलो ना. मजा आली."

गुहेत आगगाडी नाही. कधी नव्हतीही. मी गोड हसले.

"उद्या जरा घळीत फिरेन म्हणतो," तो म्हणाला. "मॅनफर्न बघायचीत."

माझ्या हातातले टॉवेल तसेच राहिले. झाडाएवढ्या वाढणाऱ्या त्या फर्नला मॅनफर्न फक्त आम्ही टास्मानियाची माणसं म्हणतो. ॲडलेडचा माणूस ट्री फर्न म्हणेल. म्हणजे हा इथलाच होता आणि बाहेरचा असल्याचं सोंग करत होता. चोर सापडला, मी रॉइसला सांगितलं. "आधी चहा पी," तो म्हणाला.

सकाळी कॅलम लांबट पिशवी खांद्याला मारून घळीत उतरला. पिशवीत करवत असणार. मी मागोमाग गेले. रॉइसला हाक मारली नाही. चोर पकडायला त्याला नेलं असतं, तर लोकांना हसायला आणखी एक निमित्त मिळालं असतं. वडिलांनी पाडलेल्या शेवटच्या मोठ्या झाडाचा बुंधा तिथे आहे, चारी बाजूंनी मॅनफर्नने वेढलेला. कॅलम त्याच्यापाशी गुडघे टेकून पिशवी सोडत होता.

"हात वर कर, मेल्या! रेंजरला बोलावते आत्ता!"

तो इतका दचकला की पिशवीतली लाकडी पेटी दगडावर आपटून उघडली. आत करवत नव्हती. कुऱ्हाड होती, आरशासारखी लखलखीत, फिक्या निळ्या कापडावर ठेवलेली. त्या कापडावर बदकं होती. ती बदकं मी ओळखते. माझ्या लहानपणीच्या झग्याचं कापड होतं ते. आईने ते वडिलांच्या पेटीत अस्तर म्हणून शिवलं होतं.

मी बुंध्यावरच बसले.

"तुम्ही व्हर्ना आत्या ना?" तो म्हणाला. "मी लिंझीचा मुलगा. बाबा मागच्या हिवाळ्यात गेले. म्हणाले होते, बुंध्यापाशी ठेव आणि मुकाट्याने परत ये. आत्या भारी संशयी आहे, नाव सांगशील तर कुत्रं अंगावर सोडेल."

"आमच्याकडे कुत्रं नाही," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. एवढी वर्षं! रॉइस सुटला, एवढंच मनात येत होतं. आता ही कुऱ्हाड बेकरीच्या काउंटरवर नेऊन आपटायची, सगळ्यांच्या देखत.

मी पेटी छातीशी धरून पळतच स्वयंपाकघरात शिरले. कॅलम मागे. रॉइस ओव्हनमधून स्कॅलप शिंपल्यांचं सारण भरलेले पॅटिस काढत होता. मी पेटी त्याच्यासमोर उघडली.

"बघ! लिंझीने नेली होती! लिंझीने!"

रॉइसने हात पुसले, धारेवरून अंगठा फिरवला. मग कॅलमकडे बघून म्हणाला, "तुझा बाप म्हणाला होता, जत्रा झाली की लगेच परत पाठवतो."

मला आधी कळेचना. "तुला माहीत होतं?"

"किल्ली मीच दिली त्याला. म्हातारा त्याला कुऱ्हाडीचा आणि घराचा दोन्हीचा वैरी म्हणाला होता, म्हणून त्याला जत्रेपुरती ती कुऱ्हाडच न्यायची होती. कुणाला सांगू नको म्हणाला. नाही सांगितलं."

"अरे, पण मला? मी तुझ्यासाठी अख्ख्या खोऱ्याशी भांडले!"

"भांडलीस. सगळ्यांना सांगत फिरलीस, रॉइसने नेली नाही म्हणून." त्याने तिसरी ताटली काढून टेबलावर ठेवली. "तू विचारलं असतंस तर तुला सांगितलं असतं, व्हर्ना. तू एकदाही विचारलं नाहीस."