भाड्याने घेतलेले नाव

मित्रांनो, मला गंजणारे लोखंड नाही, किडणारे लाकूड नाही आणि वजन तर अजिबात नाही. तरीही मी जुनी झाले आहे. मी हर्सूलच्या कडुबा मिस्तरींच्या दुकानाची वेबसाइट आहे. तुमच्या आजीच्या मानाने माझे वय काहीच नाही, पण आमच्या जातीत एवढ्या वर्षांत म्हातारपण येते.

माझ्याआधी दुकान होते. विहिरीत किंवा बोअरमध्ये खोल सोडतात ती पाणबुडी मोटार जळली, की तिच्या आतली काळी पडलेली तार उपसून नवी बसवावी लागते. कडुबा मिस्तरी ते काम करत. तारेची वेटोळी त्यांची पत्नी सरूबाई घालून देई. दुकान जळगाव रस्त्याला लागूनच होते. फुलंब्री, सिल्लोड, अगदी फर्दापूरपर्यंतचे शेतकरी टेम्पोत मोटार टाकून येत आणि रस्त्यावरूनच पाटी बघून थांबत.

पुढे शेजारचे शहर वाढत हर्सूलपर्यंत आले. रस्ता रुंद झाला आणि त्यात दुकान गेले. कडुबांनी मागच्या गल्लीत एक खोली घेतली. पाटी तीच होती, पण आता ती समोरच्या घराच्या भिंतीखेरीज कुणाला दिसत नव्हती. गिऱ्हाईक कमी होत गेले. एके दिवशी कडुबा म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघतो. नायतर बजाजनगरात खोली करू. वाळूजच्या कंपनीत वॉचमनचं काम भेटतंय."

सरूबाईने हातातली तार खाली ठेवली.

त्यांची मुलगी तनुजा तेव्हा नुकतीच भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती. ती म्हणाली, "आप्पा, आपण दुकानाची वेबसाइट करू."

"म्हंजी गिऱ्हाईक आता आभाळातून येणार म्हण की!"

"येऊ द्या की," सरूबाई म्हणाली. "पाऊस तर येईना. गिऱ्हाईक तरी येऊ द्या."

माझा जन्म असा थट्टेतून झाला.

आम्हाला सगळ्यात आधी नाव लागते. जगात दुसऱ्या कुणाचे नसलेले नाव. दुकानाच्या पाटीवर 'श्री गणेश इलेक्ट्रिकल्स' होते, पण ते तनुजाच्या आधी कितीतरी जणांनी घेऊन ठेवले होते. मागेपुढे अक्षरे जोडून तिने पाहिली, तीही गेलेली. शेवटी तिने 'कडुबा मिस्तरी' असे टाकून पाहिले. ते मोकळे होते.

कडुबांना ते आवडले नाही. "माझ्या आधीची भावंडं जगली नाय. म्हणून आजीनं कडू नाव ठेवलं. मरणाला बी घ्यावंसं वाटू नये असं. अन् ते तू जगाला दाखवणार व्हय?"

"जगात कुणीच घेतलेलं नाही, आप्पा. म्हणून तर आपल्याला मिळतंय."

"विकत?"

"विकत नाही मिळत. भाड्यानं. दरवर्षी भाडं भरायचं."

"माझंच नाव मला भाड्यानं?" कडुबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "लई झालं!"

नावानंतर जागा. माझे शब्द आणि चित्रे कुठेतरी ठेवावी लागतात. रात्रंदिवस चालू असणाऱ्या एका दूरच्या संगणकात तनुजाने माझ्यासाठी थोडी जागा घेतली. मग कुलूप. म्हणजे असे प्रमाणपत्र की माझ्याकडे येणाऱ्याने लिहिलेले मधल्या कुणाला वाचता येऊ नये. मग दुकानाचा नकाशा, फोन करायचे बटण आणि मोटार उघडून बसलेल्या कडुबांचा फोटो. फोटोसाठी सरूबाईने त्यांना इस्त्रीचा सदरा घालायला लावला. काम करताना तो सदरा त्यांनी कधीच घातला नसता, हे फोटोतही कळते.

नाव घेताना मालकाचा ईमेल आणि मोबाइल नंबर विचारतात. तनुजाने दोन्ही स्वतःचेच दिले. कडुबांना ईमेल नव्हता, आणि घरच्या घरात कुणाचा नंबर द्यायचा याचा विचार कोण करतो?

मी तयार झाले, पण माझ्याकडे कुणी आले नाही. माझ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'सबमर्सिबल पंप रिवाइंडिंग व दुरुस्ती सेवा'. प्रत्येक शब्द बरोबर होता. तरी आठवडे गेले आणि बटण कुणी दाबले नाही.

मग एका दुपारी गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी विचारत होते, "अवं, इथं मोटार भरून देणारे मिस्तरी कुठं बसत्यात?" तनुजा दारातच उभी होती. तिने त्या माणसाला आत आणले आणि तशीच संगणकाकडे वळली. आमच्याकडे मोटारीचे वायंडिंग कुणी करत नाही, मोटार भरतात. घागर भरावी तशी. लोक मोबाइलमध्ये बोलून शोधत होते ते हेच, आणि नेमका तोच शब्द माझ्याकडे नव्हता. तिने जुनी ओळ पुसली आणि लिहिले, 'जळालेली पाणबुडी मोटार भरून मिळेल. जळगाव रस्त्यावरचं दुकान आता मागच्या गल्लीत.'

ते साल दोन हजार अठरा होते. पाऊस मध्येच गेला. हर्सूलचा तलाव आटत आटत चिखलापर्यंत आला. मित्रांनो, पाणबुडी मोटारीला थंड ठेवते ते तिच्याभोवतीचे पाणी. बोअरमधली पातळी खाली गेली आणि ते कुणाच्या लक्षात आले नाही, तर मोटार कोरडी फिरते, तापते आणि जळते. त्या हिवाळ्यात गावोगावी मोटारी जळाल्या. माणसे मोबाइलला विचारू लागली आणि मोबाइल त्यांना माझ्याकडे पाठवू लागला. बटण दाबले की गल्लीतल्या खोलीत फोन वाजे. दिवाळी आली आणि गेली. बजाजनगरचे नाव पुन्हा कुणी काढले नाही.

त्या दिवसांत माझे फार कौतुक झाले. सरूबाई शेजारणींना मोबाइलवर माझ्यातला फोटो दाखवी आणि म्हणे, "हे आमचं दुकान. गल्लीत असून हमरस्त्यावर हाय." खरे सांगायचे तर मला एक गोष्ट कधी विसरता आली नाही. माझ्यामुळे येणारा प्रत्येक फोन कुणाच्या तरी वाळत्या पिकाचा असे.

नंतर पावसाची बरी वर्षे आली. तनुजाला पुण्यात नोकरी लागली, पुढे तिचे लग्न झाले. जुने सिम बंद झाले, जुना ईमेल ती उघडेनाशी झाली. माझ्याकडे कुणी पाहत नव्हते, कारण मी चालू होते. चालू असलेल्या वस्तूकडे कोण पाहतो?

आधी माझे कुलूप मुदतीबाहेर गेले. येणाऱ्याला मोबाइल बजावू लागला की ही जागा सुरक्षित नाही. माणसे उंबऱ्यावरून परतू लागली. नावाचे भाडे भरायची आठवण पुन्हा पुन्हा पाठवली जात होती, त्या न उघडणाऱ्या ईमेलवर आणि त्या बंद नंबरवर. शेवटी मुदत संपली आणि नाव माझ्यापासून काढून घेतले गेले.

मी नष्ट झाले नव्हते. माझे शब्द, नकाशा, सदऱ्यातला फोटो, सगळे त्या दूरच्या संगणकात जागच्या जागी होते. फक्त मला हाक मारायला नाव उरले नव्हते. त्यानंतर जे घडले ते मला मागाहून कळले. तनुजा मला दुरुस्त करताना मोठमोठ्याने बोलत होती, त्यातून.

पुन्हा दुष्काळाचे साल होते. मोटारी जळत होत्या, पण कडुबांचा फोन वाजत नव्हता. ते सरूबाईला म्हणाले, "लोकांनी सोडलं आपल्याला. हात थरथरतो म्हणून कुणीतरी सांगितलं असंल." त्यांचा हात थरथरत नव्हता. पण ते तो वरचेवर समोर धरून बघू लागले.

एका सकाळी सिल्लोडकडचे मोतीराम नावाचे जुने गिऱ्हाईक दारात येऊन उभे राहिले. कडुबांना पाहून ते पायरीवरच थबकले.

"मिस्तरी! तुमी हाओ?"

"मंग कुठं जाऊ?"

"मोबाईल हरवला, तुमचा नंबर त्याच्यातच गेला. तुमचं नाव शोधलं तर काईच दिसंना. पहिलं कसं फोटोसगट यायचं. म्हणलं, मिस्तरी गेले वाटतं." त्यांनी टोपी काढून हातात धरली. "मोटार दुसरीकडं भरली. ती परत जळाली. तोवर मिरचीची लावण गेली वाळून. आज हर्सूलवरून चाललो होतो. म्हणलं, बाईला भेटून जावं. चार शब्द बोलावेत."

सरूबाई आतून बाहेर आली होती. तिच्या कपाळावरचे कुंकू पाहून मोतीरामांनी मान खाली घातली.

कडुबांनी स्टूल पुढे सरकवले. मग म्हणाले, "बसा. मोटार आणली का?"

त्याच दिवशी तनुजाला फोन गेला. नाव अजून दुसऱ्या कुणी घेतलेले नव्हते. मुदत संपल्यावरही ते काही काळ राखून ठेवतात, आणि तो काळ सरत आला होता. तिने ते सोडवले, कुलूप नवे केले. मग सुट्टी काढून ती हर्सूलला आली आणि मालकाच्या जागी कडुबांचा नंबर घातला. त्यांच्यासाठी ईमेल उघडला आणि तो त्यांच्याच मोबाइलवर दिसेल असा केला. माझ्या सगळ्या मजकुराची एक प्रत तिने घरात वेगळी ठेवली.

"आप्पा, चूक माझी," ती म्हणाली.

"तुझी नाय अन् माझी बी नाय," कडुबा म्हणाले. "आपण समजलो एकदा केलं की झालं. मोटारीला तसं म्हणतो का आपण? वरचेवर बघावंच लागतं."

मोतीरामांची मिरची मात्र त्या वर्षी परत आली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचे दुकान असेल आणि त्याची वेबसाइट असेल, तर आज एवढे विचारा. नाव कुणाच्या नंबरवर घेतले आहे? तो नंबर चालू आहे का? तिच्यावर दिलेल्या फोनवर खरोखर कुणी बोलते का? आम्ही बिघडलो की खडखड करत नाही, धूर सोडत नाही. आम्ही मुकाट्याने दिसेनाशा होतो, आणि आमच्यामागचा जिवंत माणूस लोकांना मेलेला वाटतो.

आता कडुबा रोज सकाळी दुकान झाडतात, सरूबाईच्या मोबाइलवर मला उघडतात आणि बटण दाबतात. त्यांच्या खिशातला फोन वाजतो.

"रोज सोताला काय फोन लावता?" सरूबाई म्हणते.

"हाय का बघतो," ते म्हणतात, आणि फोन वाजतोय तो पूर्ण ऐकून मग कामाला बसतात.