साडेतीनवर न थांबलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुनी ओळ आहे. वहीतली नाही, संगणकातली. माझी लांबी अवघी सतरा चिन्हांची. बोटाच्या पेरावर मावेन एवढी. पण माझ्यामुळे एक माणूस जिवाला मुकला. म्हणून माझी गोष्ट मीच सांगते.

माझं काम सोपं आहे. मला एक आकडा द्या. समजा, चार दिला. मी चार बाजूला ठेवते आणि तीन घेऊन पुन्हा स्वतःलाच हाक मारते. मग तीन बाजूला, दोन घेऊन हाक. असं करत शून्य आलं की थांबते आणि बाजूला ठेवलेले सगळे आकडे एकत्र करून उत्तर देते. जन्मले तेव्हा मी गुणाकार करायची. पुढे नोकरीला लागले आणि बेरीज करू लागले.

मला दीपमालाने लिहिलं. रायपूरच्या एका कॉलेजात ती शिकत होती. हा गुणाकार सर्वांत कमी चिन्हांत कोण लिहितं, अशी शर्यत एकदा तिच्या संपदा मॅडमनी वर्गात लावली. दीपमालाची पहिली ओळ एकोणीस चिन्हांची होती. आकडा शून्याहून मोठा असेल तरच पुढे जा, असं तिच्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. तिने तेवढंच खोडलं. शून्य आलं की संगणक आपण होऊन थांबतो, मग वेगळं सांगायचं कशाला? मी सतरा चिन्हांची झाले. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा फुगले होते.

दीपमालाचे बाबा गुलाबराव रायपूरला लागूनच बीरगांवात राहायचे. तिथल्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका लोखंडाच्या कारखान्यात ते बंद भट्टीत उतरून राख काढायचे. भट्टी निवली की नाही हे ओळखायची तिथल्या कामगारांची एक रीत होती. दारावर पेलाभर पाणी फेकायचं आणि कान द्यायचा. चर्र झालं की अजून वेळ आहे.

शिकून झाल्यावर दीपमाला त्याच कारखान्याच्या ऑफिसात लागली आणि मलाही घेऊन गेली. भट्टीच्या आत विटांचे जितके थर, तितका आकडा मला द्यायचा. चार थर असतील तर चार, तीन, दोन, एक मिळून भट्टी निवायला दहा तास. पडद्यावर तास उतरत जायचे. शून्य दिसलं की आत जायचं. कारखान्याच्या साहेबांना पडद्यावर बिघाडाची लाल अक्षरं खपत नसत. म्हणून मधेच काही बिघडलं तर तिथे शून्य दिसेल, अशी सोय दीपमालाने केली. पडदा कसा स्वच्छ दिसायचा!

ती दोन वर्षं माझी मोठ्या मानाची होती. गुलाबराव तर मला डोक्यावर घेऊन नाचायचेच बाकी होते. त्यांचा सोबती मारोती सवयीने पेला उचलायचा, की ते त्याला हटकायचे.

"काहून पानी टाकून राहिला बे? माह्या पोट्टीच्या मशीनवर भरोसा नाही काय तुले?"

मारोती हसून पेला खाली ठेवायचा. हळूहळू पेला तिथून गेलाच. गुलाबरावांना पाणी फेकणं म्हणजे लेकीवर संशय घेणं वाटायचं. मित्रांनो, इतकं प्रेम माझ्यासारखीवर कुणी करू नये.

मग भट्ट्यांच्या विटा बदलल्या. आतला एक थर अर्ध्या जाडीचा बसला. सुपरवायझर प्रफुल्ल भैयांनी जे होतं तेच इमानदारीने भरलं : साडेतीन.

साडेतीनातून एक गेला, अडीच. मग दीड. मग अर्धा. अर्ध्यातून एक गेला, तर उणे अर्धा. शून्य आलंच नाही. मी त्याच्या अंगावरून पुढे निघून गेले. मी स्वतःला हाका मारत राहिले, हजारो वेळा, एका क्षणात. शेवटी संगणकाची दमछाक झाली आणि त्याने माझा गळा धरला. पडद्यावर लाल अक्षरं आली नाहीत. शून्य आलं.

पाळीवर आल्या आल्या गुलाबरावांनी शून्य पाहिलं आणि ते उतरले. भट्टीच्या तोंडाशी पंख्याचं गार वारं होतं. आत वरची राखही काळी पडली होती. तिसऱ्या पावलाला ती खचली, आणि खालच्या निखाऱ्यात ते कमरेपर्यंत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी समता कॉलनीतल्या दवाखान्यात साहेब कागद घेऊन आले. दीपमाला बाबांच्या उशाशी बसली होती. लॅपटॉप तिच्या मांडीवर होता आणि त्यात माझी प्रत उघडी होती. सकाळपासून ती मला साडेतीन देत होती, पुन्हा पुन्हा. तिला कळून चुकलं होतं.

"लिखा है कि पानी डालके देखा नहीं, जल्दी में उतर गए," साहेब म्हणाले. "बस अंगूठा लगा दो, काका."

गुलाबरावांनी पट्ट्या बांधलेला हात उचलायची धडपड केली. "लावतो न. माहीच चूक हाय. पोट्टीचं मशीन कधी चुकत नाही."

दीपमालाला गप्प राहता आलं असतं. नोकरी राहिली असती, नाव राहिलं असतं, आणि बाबाही अभिमान घेऊनच गेले असते. तिने साहेबांच्या हातातला कागद ओढून घेतला.

"नाही बाबा. चूक तुमची नाही. माही हाय. अर्धा आकडा आला का हे थांबतच नाही. म्यांच तसं लिहिलं."

गुलाबरावांनी मान तिच्याकडे वळवली. ती त्यांच्या रागाची वाट पाहत होती. राग आला असता तर बरं झालं असतं.

"दुसऱ्या भट्टीत बी साडेतीनच हाय न?" त्यांनी विचारलं. "आज मारोती उतरनार हाय."

तिने फोन लावला तेव्हा मारोतीने तोंडाला फडकं बांधलं होतं आणि एक पाय दारात होता. "उतरू नोको, काका!" ती एवढी ओरडली की वॉर्डातली सगळी माणसं वळून पाहू लागली.

"मागं आला काय?"

"आला, बाबा."

"हव," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी ते गेले. चूक बाबांची नाही, आपली आहे, असं दीपमालाने स्वतःच्या सहीने लिहून दिलं. नोकरी गेली. आई, अंजनाबाई, तिच्याशी महिनाभर बोलली नाही.

मित्रांनो, आता मला कुठेच काम नाही. पण कुठल्या ना कुठल्या मुलाला मी पुन्हा सुचेन, कारण मी आखूड आहे, देखणी आहे. सुचले तर हौसेने लिहा, टाळ्याही घ्या. मात्र माझ्या उत्तरावर एखाद्याला आत पाठवण्याआधी मला एकदा साडेतीन देऊन बघा. मला थांबता येत नाही, हे मी पहिल्या दिवशीच दाखवलं असतं. कुणी विचारलंच नाही.