जिन्यात ऐकलेले गोल

माझ्या दादाने आयुष्यात जेवढे गोल पाहिले, त्याच्या दुप्पट ऐकले. रेडिओवर नव्हे. स्टेडियममध्ये, रीतसर तिकीट काढून, जिन्यात भिंतीकडे तोंड करून.

तरुणपणी एकाच हंगामात तो तीनदा लघवीला उठला आणि तिन्ही वेळा आमच्या संघाने गोल केला. झालं. आमच्या मागच्या रांगेत एक निवृत्त बस कंडक्टर बसतात, त्यांनी पुढच्या सामन्यात फर्मानच काढलं, "तू ऊठ आणि खाली जा." दादा गेला, गोल झाला. तेव्हापासून गोल हवा असला की सगळे ओरडायचे, "जिना, ऊठ!" त्याचं नावच जिना पडलं. तो खाली जाऊनही गोल झाला नाही, अशा वेळा काय कमी होत्या? पण त्या कोणी लक्षात ठेवल्या नाहीत.

दादा कुलपं दुरुस्त करायचा, चाव्या बनवायचा. मी चष्म्याच्या दुकानात काचा बसवते आणि दिवसभर लोकांना विचारते, आता नीट दिसतंय का? दोघांचीही लग्नं झाली नाहीत. जमली नाहीत की जमवली नाहीत, हा आमचा खासगी मामला आहे. घरात दोन खोल्या, एक टेबल आणि दर आठवड्याला एक सामना, एवढा आमचा संसार.

सामना संपला की घरी चालत जायचं आणि वाटेत दादाने म्हणायचं, "सांग." मग मी गोल सांगायची. आधी त्यांच्या गोलकीपरला मनसोक्त शिव्या, मग पहिल्या पासपासून पुढे सगळं. दादाचे प्रश्न संपायचे नाहीत. कुठल्या पायाने मारला? गोली कुठल्या बाजूला पडला? मी थोडं तिखटमीठ लावायची, पण खोटं कधी सांगितलं नाही.

मग दादाचं वजन उतरायला लागलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी मला बाजूला बोलावलं. मी विचारलं, "पुढच्या हंगामापर्यंत तरी?" कसला हंगाम ते त्यांना कळलं नसावं, तरी त्यांनी नकारार्थी मान हलवली.

आमच्या संघाने सत्तावीस वर्षांत एकही करंडक जिंकला नव्हता आणि नेमका त्याच वर्षी शेवटच्या सामन्यापर्यंत आला. जिंकलो तर करंडक, बरोबरी झाली तर दुसऱ्यांचा. मी मनाशी ठरवून टाकलं की हा गोल दादा स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. सामना सुरू होण्याआधी मागे वळून सगळ्यांना दमच भरला, "आज त्याला कोणी उठवायचं नाही. जो उठवेल त्याची गाठ माझ्याशी आहे." कंडक्टरकाका म्हणाले, "बरं, ताई." दादाच्या अंगावरचा हिरवा स्वेटर किती ढगळ झालाय, ते त्यांनाही दिसत होतं.

ऐंशी मिनिटं झाली तरी एकही गोल नाही. आमचा एक फटका खांबाला लागून परत आला. मागे कोणी चकार शब्द काढला नाही, पण सगळ्यांच्या नजरा मला पाठीवर जाणवत होत्या.

दादा हळूच म्हणाला, "जाऊ का?"

"गप बस."

पंच्याऐंशीव्या मिनिटाला त्यांच्या एकाने रेषेवरून चेंडू परत मारला. कंडक्टरकाका मफलर तोंडात धरून बसले होते.

"जाऊ का गं?"

मी घड्याळाकडे पाहिलं. अठ्ठ्याऐंशी मिनिटं झाली. आणि मग मीच, दुसऱ्या कोणी नाही, मीच म्हणाले, "जा."

तो लगेच उठला. जणू वाटच बघत होता. कठड्याला धरून एक पायरी उतरला, थांबला, दम घेतला, दुसरी उतरला. मी त्याच्या पाठीकडे बघत होते. त्याचं डोकं जिन्यात दिसेनासं झालं आणि मला भान आलं. अगं, काय केलंस हे? सत्तावीस वर्षांच्या करंडकापायी आपल्या माणसाला भिंतीकडे पाठवलंस? मी उठून त्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि माझ्या मागे अख्खं स्टेडियम दणाणलं.

वळून पाहिलं तर चेंडू जाळीत होता आणि आमचे खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडले होते.

मी खाली धावले. दादा दोन्ही तळवे आणि कपाळ भिंतीला टेकून उभा होता.

"झाला ना?"

"झाला."

"सांग."

काय सांगणार होते मी? जे तोंडात आलं ते सांगितलं. डावीकडून कॉर्नर आला, आपला लंबू सगळ्यांच्या वर उडाला, डोक्याने मारला, थेट उजव्या कोपऱ्यात. गोली जागचा हललासुद्धा नाही. दादा ऐकत होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

खरा गोल मला दुसऱ्या दिवशी दुकानात मोबाईलवर दिसला. कॉर्नर नाही, लंबू नाही. साधा घरंगळत आलेला चेंडू, त्यांच्याच बचावपटूच्या गुडघ्याला लागून आत गेलेला. इतका भिकार गोल मी जन्मात पाहिला नव्हता.

चार दिवसांनी दादाला हॉस्पिटलात न्यावं लागलं. वॉर्डात टीव्ही होता. माझा जीव टांगणीला लागला. शेवटी ठरवलं, कबूल करून टाकायचं. गेले तर नर्स हसत म्हणाली, "काल तो गोल दाखवला. मी म्हटलं, काका, हा तर गुडघ्याला लागून गेला. तर मला म्हणाले, टीव्हीवाल्यांना काय कळतंय? माझी बहीण तिथे होती."

ती गेल्यावर मी दादाच्या कानाशी वाकले. "दादा, मी पाहिलाच नाही रे. तुझ्याकडे बघत होते."

"ठाऊक आहे."

"टीव्हीवरून?"

"छे. जिन्यातच कळलं. तू गोलीला शिव्या घातल्याच नाहीस."

मला हुंदका आवरेना. म्हटलं, "मी तुला उठवलं. मी."

"मग? जिंकलो की." त्याने डोळे मिटले. "आता परत सांग. लंबू किती उडाला होता?"

मी पहिल्यापासून सांगितलं, या वेळी शिव्यांसकट. तो ओठांतल्या ओठांत हसला. त्यानंतर एकोणीस दिवसांनी दादा गेला.

अजूनही लोक त्या सामन्याबद्दल बोलतात. प्रत्येकाला आपण कुठे बसलो होतो ते आठवतं. मला एक हिरवी पाठ आठवते.

नव्या हंगामात मी एकटी जाते. परवा एक गोल हवा होता, पाच मिनिटं उरली होती. सवयीने सगळ्यांनी दादाच्या जागेकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या. कोणी ओरडलं नाही. मग मीच उठले, जिना उतरले आणि भिंतीला कपाळ टेकून उभी राहिले. भिंत थंडगार होती. तिथून काहीच दिसत नाही. डोक्यावर पायांची धडधड तेवढी कळते.

गोल झाला. वर नुसता कल्लोळ उठला. मी तशीच उभी राहिले, बराच वेळ. पण सांगायला खाली कोणी आलं नाही.